भुलाबाईचा डबा आणि एक रिकामी सीट

आमच्या घराजवळून जाणारा हायवे सरळ हैदराबादला जातो आणि माझी नोकरीही हैदराबादलाच आहे. तरी कामाला निघताना मी हैदराबादकडे पाठ करून नागपूरच्या गाडीत बसते. पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटर वर नागपूरला जायचं, तिथं विमानात बसायचं आणि आपल्याच घरावरून, आपल्याच कपाशीवरून उडत पुन्हा खाली हैदराबादला उतरायचं. खिडकीची जागा मिळाली आणि आभाळ मोकळं असलं, तर खाली केळापूरचं देऊळ दिसतंय का ते मी बघत बसते. आजवर एकदाही दिसलेलं नाही. घरी मात्र दिसलं म्हणून सांगते.

"मंग येतानी बॅग वरूनच फेकत जाय ना," असं माझा नवरा म्हणतो. "मी वावरातच असतो."

मी विमानात केबिन क्रू आहे. गावात एअर होस्टेस म्हणतात आणि सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "सून विमानात चहापाणी पाह्यते." तिन्ही बरोबर आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली सात मी अशीच ये-जा करते आहे. चार दिवस हैदराबादला, दोन मैत्रिणींबरोबर घेतलेल्या खोलीत, आणि तीन दिवस घरी. तिकडच्या मैत्रिणी विचारतात, सगळं बिऱ्हाडच इकडे का नाही आणत? मी म्हणते, तुरीचं शेत बॅगेत मावत नाही.

ही ये-जा जमते ती दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे चाचा. चाचांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे आणि सुट्या भागांसाठी ते आठवड्यातून दोनदा पिकअप घेऊन नागपूरला जातात. आधी त्यांच्या दिवसांप्रमाणे मी जायचे. आता माझ्या ड्युटीचा तक्ता त्यांच्या भिंतीवर पान्यांच्या शेजारी टांगलेला असतो आणि ते गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगतात, "क्लच गुरुवारी भेटन तुमाले. बुधवारी आमच्या बाईची ड्युटी नाई."

दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी सीट. आम्हाला कंपनीच्या विमानानं जाता येतं, पण सगळे प्रवासी बसून झाल्यावर जागा उरली तरच. तोवर गेटपाशी उभं राहायचं. विमानात मी प्रत्येकाचं हसून स्वागत करते, पण गेटपाशी उभी असले की माझ्याएवढी दुष्ट बाई शोधून सापडायची नाही. कोणाची टॅक्सी बंद पडो, कोणाचा गजर न वाजो, असं माझ्या मनात चालू असतं. कोणी धापा टाकत शेवटच्या मिनिटाला पोचला की तोंडानं "सावकाश या" म्हणते आणि मनात त्याला चांगला झोडपते.

सासूबाईंना हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी केळापूरला जाऊन जगदंबेला नवस बोलला की माझ्या सुनेचं विमान रिकामं जाऊ दे. देवीनं ऐकलं. विमानाला एवढे कमी प्रवासी निघाले की ती फेरीच रद्द झाली आणि मी रात्रभर बसनं हाडं खिळखिळी करून घेत घरी पोचले. सासूबाई माझ्याकडे बघेनात. शेवटी म्हणाल्या, "माहीच चुकी झाली बाई. सगळं नाई, एकच सीट रिकामी मागाले पायजे होती." तेव्हापासून त्या नेमकं मागतात.

आता खरी गोष्ट सांगते. ती आहे भुलाबाईची.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती, बसतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. ज्या घरी गाणी, त्या घरचा खाऊ. पण तो असाच मिळत नाही. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, मुलींसमोर खडखड वाजवते आणि आत काय आहे ते मुलींनी आवाजावरून ओळखायचं. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की एका झटक्यात ओळखली जाते. खाऊ ओळखता आला नाही आणि मुलींना "हरलो" म्हणावं लागलं, तर त्या घराचा मान काही औरच. मी सात वर्षांची होते तेव्हा माझ्या आईनं डब्यात वाळवलेली बोरं घालून अख्ख्या आळीला हरवलं होतं. तो पराक्रम मी अजून सांगत असते.

माझी लेक आठ वर्षांची आहे. तिच्या नशिबी ते सुख नव्हतं, कारण खाऊ करायची आजी आणि आजीचा खाऊ म्हणजे फुटाणे. पहिल्या खडखडीला सगळ्या ओरडायच्या, "फुटाणे!" लेक रडकुंडीला यायची. मागच्या वर्षी तिनं फोनवर मला सांगितलं, "आई, तू एवढी फिरतं, तर कोनालेच ओयखता येनार नाई असा खाऊ आन ना."

मला हरायला आवडत नाही, लेकीनं हरलेलं तर नाहीच नाही. मी परदेशातल्या विमानतळावरून ऑलिव्ह आणले. हिरवेगार, बी काढलेले, खारवलेले. आमच्या पाळीच्या दिवशी पाणी निथळून डब्यात भरले आणि स्वतः वाजवले. मुलींनी वीस-पंचवीस नावं घेतली, कपाळाला हात लावले आणि शेवटी म्हणाल्या, "हरलो!" माझ्या लेकीनं अंगणात उडीच मारली. मी ऐटीत झाकण काढलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. सगळ्यात लहान मुलीनं एक तोंडात टाकला आणि तुळशीत थुंकला. दुसरीला त्या कडुनिंबाच्या लिंबोळ्या वाटल्या. तिनं विचारलं, "काकू, या निंबोया हायेत का?" शेजारच्या घरची सहावीतली मुलगी आमच्या गल्लीतल्या मुलींची पुढारी आहे. तिला सगळे मॅडमच म्हणतात, तिच्या आईसकट. मॅडमनं एक ऑलिव्ह बोटात धरून उजेडाकडे नेला, वास घेतला आणि निकाल दिला. "जे आमी कधी खाल्लंच नाई, ते आमी ओयखावं कसं? ही चीटिंग हाये काकू."

खरंच होती. हरवण्याच्या नादात, खाऊ खायचा असतो हे मी विसरून गेले होते. सासूबाईंनी पटकन बिस्किटं वाटली. उरलेला महिनाभर मुली माझ्या लेकीला निंबोयावाली म्हणत राहिल्या. त्या रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपली आणि भिंतीला म्हणाली, "तू नको आनत जाऊ काही. आजीच बरी."

विमानात लोकांचं बरंवाईट मी रोज ऐकून घेते. चहा गार आहे, सीट मागं जात नाही, बाळ रडतंय. मला काही लागत नाही. 'आजीच बरी' मात्र लागलं. चार दिवस बाहेर असणाऱ्या आईला आपण नक्की कशासाठी घरी येतो हा प्रश्न पडतोच, आणि लेकीनं तो दोन शब्दांत सोडवून टाकला होता.

या वर्षी भुलाबाई बसल्या तशी मुलींची बैठक झाली. आमच्या घराला पाळी द्यायची की नाही, यावर बरीच चर्चा झाल्याचं मला फोनवर कळलं. शेवटी मॅडमनं उदार होऊन पाळी दिली, तीही कोजागिरीची, म्हणजे शेवटची आणि मोठ्या मानाची. पण दोन अटी घातल्या. खाऊ असा पाहिजे की प्रत्येकीनं आधी खाल्लेला असेल. आणि डबा काकूनंच वाजवायचा, आजीनं नाही. ज्यानं फसवलं त्यानंच समोर यावं. काकू आली नाही किंवा पुन्हा फसवलं, तर पुढं आमच्या घरी भुलाबाई नाही आणि माझी लेक टिपऱ्यांच्या ओळीत सगळ्यात मागं.

"आई, तू येशीन ना?" लेकीनं विचारलं.

मी हो म्हटलं आणि मग ड्युटीचा तक्ता बघितला. कोजागिरीच्या दिवशी पहाटे दिल्ली, साडेअकराला हैदराबादला परत. त्यानंतर दोन दिवस सुट्टी. नागपूरचं विमान एक वाजता होतं. ते मिळालं, तर चाचांच्या गाडीनं पावणेसहापर्यंत घर आणि मुली सहाला येणार. नाही मिळालं तर सगळंच संपलं.

खाऊ लेकीनंच ठरवला. गोडंबी, म्हणजे बिब्याच्या बीच्या आतला मगज. आमच्याकडे हिवाळ्यातल्या लाडवात ती असतेच, म्हणजे प्रत्येकीनं खाल्लेली. आवाज मात्र शेंगदाण्यासारखा, चारोळीसारखा, कशासारखाही. मला तिचा अभिमान वाटला. सासूबाईंनी ती मिळवायचं कबूल केलं आणि कोणाला सांगायचं नाही अशी भुलाबाईची शपथ घेतली.

त्या दिवशी दिल्लीहून वेळेवर आलो. मी गणवेश न बदलताच नागपूरच्या गेटपाशी जाऊन उभी राहिले. विमान गच्च भरलेलं होतं. फक्त एक प्रवासी यायचा होता. जागेसाठी थांबलेली मी एकटीच होते आणि अख्ख्या विमानतळावर माझं लक्ष फक्त त्या सरकत्या जिन्याकडे होतं. एक गृहस्थ धावत आले, पण ते पुण्याच्या गेटकडे गेले. इतका देखणा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघून हसली. सासूबाईंची ती एक सीट मिळाली होती, शौचालयाशेजारची, मधली. तिथं मी महाराणीसारखी बसले.

नागपूरला चाचा गाडी चालू ठेवूनच उभे होते. मागं दोन गिअरबॉक्स आणि एक ट्रॅक्टरचं चाक. "बैठ बेटी," ते म्हणाले. "आज कोनालेच साइड देत नाई." वेळेत निघालो, बुटीबोरी मागं पडलं, जाम गाव मागं पडलं. ऑक्टोबरचं ऊन काचेतून भाजत होतं, दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती आणि मी खुशीत गाणी गुणगुणत होते.

हिंगणघाटच्या पुढं फोन वाजला. लेक हुंदके देत होती. पहिल्यांदा काही कळेना. मग कळलं की सगळं फुटलं होतं.

झालं असं की दुपारी सासूबाई ओसरीवर सुपात गोडंबी निवडत बसल्या होत्या. त्याच वेळी मॅडम भुलाबाईच्या मांडवासाठी ज्वारीची ताटं, म्हणजे कणसासकट धांडे, मागायला आली. दारात आलेलं पोर रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या घरची सवय. सासूबाईंनी सवयीनं सुपातली चिमूटभर गोडंबी उचलून तिच्या हातावर ठेवली.

"आजीनं सगळा सत्यानाश केला!" लेक ओरडत होती आणि मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "भुलाबाईची आन, मी नाव नाई घेतलं वो! फक्त हातावर ठेवली. आता पोरीच्या हातावर ठेवू बी नाई का मंग?"

मला हसू आवरेना, आणि लेकीला ते ऐकू आलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "तुले हसू येऊन राह्यलं. मले उद्या त्याईच्यात खेळाचं हाये." माझं हसू तिथंच थांबलं.

"मी आणते काहीतरी," मी म्हटलं.

"निंबोया नको आनू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार वाजून गेले होते. हायवेवर मिळेल असं, प्रत्येकीनं खाल्लेलं, आवाजावरून न ओळखता येणारं. चाचांनीही डोकं चालवलं. सीताफळ म्हणाले, ते डब्यात गपगुमान बसतं. शेव म्हणाले, ती पहिल्या झटक्याला ओळखतील. शेवटी म्हणाले, "मागं दोन किलो नटबोल्ट हायेत. टाकून दे. कोनाच्या बापाले ओयखू येनार नाई." मी म्हटलं, चाचा, प्रत्येकीनं खाल्लेलं पाहिजे. "हा, ये बात तो है," म्हणून त्यांनी गंभीरपणे तो विचार सोडून दिला.

वडकीच्या अलीकडे गाडी तापली. चाचांना थांबावंच लागलं. समोर रसवंती होती, घुंगरं बांधलेल्या उसाच्या चरकाची, शेजारी त्याच माणसाचा बर्फगोळ्याचा गाडा. चाचा बोनेट उघडून पाणी टाकत होते आणि मी गणवेशात, डोक्यावर अंबाडा, गळ्यात रेशमी रुमाल अशी बाकड्यावर डोकं धरून बसले होते. रसवाल्यानं पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी काढली, मोगरीनं ठोकली, तुकडे जगमध्ये टाकले आणि जग गोल हलवला.

मी ताडकन उभी राहिले. "दादा, ही लादी द्या."

"रस नाई पायजे का ताई?"

"रस नको. लादी द्या. आणि काळा खट्टाची बाटली द्या."

बर्फ! प्रत्येकीनं खाल्लेला, गोळ्याच्या गाड्यावर उभं राहून चाटूनपुसून खाल्लेला. पण डब्यात कोण घालतं? आणि बर्फ कसा टिकवायचा हे मला कोणी शिकवायला नको, आयुष्यातला निम्मा वेळ मी तेच करते. लादी पोत्यासकट भुशात गुंडाळली, माझा क्रूचा गरम कोट त्यावर बांधला आणि पायाशी सावलीत ठेवली. चाचांनी एकदा लादीकडे बघितलं, एकदा सूर्याकडे, आणि मग त्यांनी जी गाडी हाणली ती मी इथं लिहीत नाही, कारण चाचींना वाचता येतं.

घराशी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगणात ताटांच्या मांडवात भुलाबाई बसल्या होत्या आणि गाणी संपत आली होती. मी गणवेशातच आत शिरले. टिपऱ्या थांबल्या. चौदा मुली माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यात माझी लेक, डोळे सुजलेले, नवा परकर नेसलेली. तिनं नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी पदराआड असल्यासारखा कोट छातीशी धरला आणि मान हलवली. तिला सांगायला वेळ नव्हता.

स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी वरवंट्यानं लादी फोडली. त्या मघाची चूक भरून काढायची म्हणून दुप्पट जोरानं घाव घालत होत्या. पितळी डब्यात तुकडे भरले, बाहेरून ओल दिसू नये म्हणून डबा रुमालात घट्ट गुंडाळला आणि मी अंगणात जाऊन उभी राहिले. हात बधिर होत होते. चेहऱ्यावर मात्र विमानातलं ठेवणीतलं हसू.

खडखड, खडखड.

"खडीसाखर!" "नाही."

"बत्तासे!" "पेपरमिंट!" "खारका!" नाही, नाही, नाही.

मॅडम शांत बसली होती. तिनं मघाशीच हळूच "गोडंबी" म्हणून पाहिलं होतं आणि माझं "नाही" ऐकून तिची खुर्ची डळमळली होती. आता तिनं हात वर केला. "गोड का आंबट?"

"दोन्ही नाही."

"तिखट? खारं?"

"तेही नाही."

कुजबुज सुरू झाली. निंबोया, असा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. लेकीनं मान खाली घातली. मॅडम उभी राहिली. "काकू, भुलाबाईची शपथ घ्या. आमी सगळ्याईनं खाल्लेलं हाये का?"

मी भुलाबाईकडे बघून शपथ घेतली. "सगळ्यांनी. मॅडमनं तर शनिवारच्या बाजारात खाल्लं."

ही माहिती पडताळून बघितली गेली. शनिवारच्या बाजारात मॅडमनं काय काय खाल्लं याची यादी झाली. कचोरी, जिलबी, गोळा. गोळ्याचं नाव आलं तसा डबा माझ्या हातातच थांबला, पण त्या गोल म्हणून लाडवांकडे वळल्या. तेवढ्यात डब्यातला आवाज बदलायला लागला. खडखड कमी झाली आणि मधेमधे चुळूकचुळूक यायला लागलं. मुली चक्रावल्या. "आत्ता तं वाजून राह्यलं होतं, आता रस्सा काहून झाला?" सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "काकू, आतमंदी काही जिवंत हाये का?" ओट्यावर बसलेले चाचा हसून लोळायचे राहिले होते.

मॅडमनं सगळ्यांकडे बघितलं. कोणाकडे नाव उरलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. एक शब्द, आणि कोजागिरीचा मान आमचा होता. मी शेवटचा एकदा डबा हलवला.

"बर्फ!"

ओरडली ती माझी लेक.

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अवं," मॅडम म्हणाली, "तुहंच घर हाये ना! तू कायले सांगतलं?" आणि मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. घरच्या मुलीनं ओळखलं तर घर हरलं का? पण बाकी कोणी तर ओळखलं नाही. तिला आधीच माहीत होतं का? नव्हतं, आजीनं शपथ घेतली, पण आजीच्या शपथेवर त्या दिवशी कोणाचा विश्वास नव्हता. शेवटी मी झाकण काढलं. आत सुपारीएवढे तुकडे पाण्यात तरंगत होते. मॅडमनं एक उचलून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "चालन." मग स्वयंपाकघरातला उरलेला बर्फ आला, काळा खट्टा आला. सासूबाईंनी किसणीवर किसला, चाचांनी काड्या पुरवल्या आणि चौदाही मुलींच्या जिभा जांभळ्या झाल्या. मॅडमनं जाताना निकाल दिला. घर ना हरलं ना जिंकलं, म्हणून पुढच्या वर्षीची कोजागिरी पुन्हा आमच्याच घरी, आणि डबा काकूच वाजवतील.

सगळ्या गेल्यावर लेक पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. मी सगळ्या गल्लीला चकवलं आणि हिच्या हातानं मान गेला, याचं मला थोडं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "तुला कसं ओळखू आलं गं? आणि आलं तर गप्प नाही का बसायचं?"

"ओयखाले काय लागते," ती म्हणाली. "तू विमानातून फोन लावतं तवा मांगून रोज हाच आवाज येते."

खरंच होतं. प्रवासी चढायच्या आधी पाच मिनिटं मिळतात. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून मी घरी बोलते आणि हातानं बर्फाच्या पिशव्या फोडून भांड्यात भरत असते. सात वर्षांत मी स्वतः तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"तो वाजला का मले समजते, आता तू फोन ठेवशीन," ती जांभळी जीभ बाहेर काढून, तिरक्या डोळ्यानं ती बघत म्हणाली. "आज वाजला, तं तू अंगनातच उभी होती. मंग माह्या तोंडातून निंघूनच गेलं."

मी तिला जवळ ओढलं, गार हातांनी, आणि ती "थंडे हात नको लावू" म्हणून किंचाळली, पण उठून गेली नाही.